स्विफ्टचे पुढचे ब्रेक घरीच बदलून कॅलिपर लाल करायचेत

कोकणी_चाक: नमस्कार मंडळी, गाडी पेट्रोल स्विफ्ट आहे, रत्नागिरीत समुद्राजवळच असते. पुढचे पॅड कुरकुरायला लागलेत आणि डिस्कच्या कडेला बोट फिरवलं तर चांगली धार लागते. पॅड आणि डिस्क दोन्ही घरी बदलायचा विचार आहे, जॅक स्टँड आणि टॉर्क रेंच आहे. हातासरशी कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा लोखंडी भाग) पण लाल करावेत म्हणतोय. घरात ग्रिलला मारायचा लाल ऑईल पेंट पडलाय तो चालेल का? आणि ब्रेकचा पाईप सोडावा लागतो का?

आंबाघाट: ऑईल पेंट अजिबात नको. आंबा घाट उतरताना कॅलिपर एवढे तापतात की तो पेंट आधी काळा पडेल मग पापुद्रे निघतील. कॅलिपरसाठी खास हाय टेम्परेचर पेंट मिळतो तोच घ्या. पाईप सोडायची गरज नाही, पण कॅलिपर काढला की पाईपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा.

रंगापेक्षा साफसफाईला जास्त वेळ द्या. तारेच्या ब्रशने गंज घासून काढा, मग ब्रेक क्लीनर मारून पूर्ण सुकू द्या. पिस्टनचं रबर, ब्लीडर निप्पल (हवा काढायचा छोटा स्क्रू), स्लायडर पिनची (ज्यावर कॅलिपर सरकतो) रबरं आणि पॅडचे कान जिथे सरकतात त्या खाचा, सगळीकडे मास्किंग टेप हवाच. त्या खाचांत रंग गेला की पॅड अडकतो, ब्रेक सुटत नाही आणि चाक तापतं. हात पातळच मारा, जाड मारला तर ओघळ येतात.

पाना_पक्कड: वरच्या दादांनी रंगाचं नीट सांगितलंय, मी डिस्कचं सांगतो. गंजाने डिस्क हबला (ज्यावर चाक बसतं तो मधला भाग) चिकटलेली असणार, हातोडा मारत बसू नका, डिस्कवर आट्यांची दोन भोकं असतात त्यात ८ एमएमचे बोल्ट आलटूनपालटून आवळत गेलं की ती आपोआप पुढे येते. हबचा गंज पूर्ण घासा, तिथे थोडा जरी राहिला तरी नवी डिस्क तिरकी बसून पुढे पेडल थरथरतं. नव्या डिस्कला तेल असतं ते ब्रेक क्लीनरने पुसा. पिस्टन मागे ढकलताना बोनेटखालच्या ब्रेक ऑईलच्या टाकीवर लक्ष ठेवा, ऑईल वर येतं आणि बॉडीवर सांडलं तर रंग उचलतो. स्लायडर पिनला सिलिकॉन ग्रीसच. आणि दोन्ही बाजू एकदमच बदला, एकीकडे नवीन एकीकडे जुनं केलंत तर ब्रेक मारल्यावर गाडी ओढते.

कोकणी_चाक: खूप आभार दोघांचे! डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागाला पण रंग मारू का? इथल्या खाऱ्या हवेत नवी डिस्क पण आठवड्यात तांबूस होते.

आंबाघाट: मारा, हाय टेम्परेचर सिल्व्हर छान दिसतो आणि गंजही थांबतो. फक्त पॅड घासतो तो भाग आणि हबला टेकणारी आतली बाजू कोरी ठेवा.

पाना_पक्कड: आणि काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा, हे विसरलात तर पहिला ब्रेक लागणारच नाही. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ५० च्या स्पीडवरून २० पर्यंत आठ-दहा वेळा हळू ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, मधे मधे थंड होऊ द्या. चाकाच्या नटांचा टॉर्क (किती आवळायचे ते) मॅन्युअलमध्ये बघून घ्या आणि थोडं चालवून झाल्यावर परत तपासा.