गच्चीवर पॅनेल टाकले की झाली मायक्रोग्रिड?

फेज-न्यूट्रल

सूर्यमुखी यांचा 'विद्यापीठांनो, आता तरी डिझेल सोडा' हा लेख वाचला. परत वाचला, कारण आधी वाटलं उपरोधाने लिहिलाय. ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी सार एवढंच: विद्यापीठाकडे गच्च्या भरपूर, त्यांवर पॅनेल टाका, तळघरात बॅटरी ठेवा, एक स्मार्ट कंट्रोलर बसवा आणि जनित्रं भंगारात घाला. यालाच ते मायक्रोग्रिड म्हणतात, म्हणजे बाहेरच्या ग्रिडपासून, मोठ्या वीजजाळ्यापासून, तुटूनही स्वतःच्या विजेवर चालणारं छोटं जाळं. मग बाहेर लाइट गेली तरी आवारात झगमगाट. खाली टाळ्यांचा पाऊस.

माझं नोकरीचं आयुष्य आवाराच्या सबस्टेशनात गेलं. सौरऊर्जेशी माझं वाकडं नाही. आमच्या गच्च्या भरलेल्या आहेत आणि त्यांची देखभाल माझ्याच गळ्यात आहे. म्हणूनच विचारतो, भर दुपारी बाहेरची लाइट गेली की आवारात सगळ्यात आधी काय बंद पडतं? तेच पॅनेल. इन्व्हर्टरवर (पॅनेलची डीसी वीज एसी करणाऱ्या यंत्रावर) लाल दिवा, पडद्यावर 'ग्रिड नाही', आणि वर रणरणतं ऊन. मग वरून फोन येतो, "अहो, ऊन आहे ना? मग?" ऊन आहे हो साहेब. पण साधा इन्व्हर्टर ग्रिडचं व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी बघून तिच्यामागे चालतो. ती गेली की त्याने दोन सेकंदांच्या आत बाजूला व्हावं, असा आयईईई १५४७ या वीजजोडणीच्या मानकाचा दंडक आहे. बाहेर कोणी लाइनमन बंद तार समजून हात घालत असेल, तर आमच्या गच्चीवरची वीज त्याच्या जिवावर उठायला नको.

आवार वेगळं काढून चालवायचं तर सीमेवर ब्रेकर हवा, आत स्वतःच व्होल्टेज-फ्रीक्वेन्सी उभी करणारा ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर किंवा फिरतं जनित्र हवं, आणि बाहेरची लाइट आल्यावर दोन्ही बाजू जुळवून मगच जोडणारं सिंक्रोनायझिंग हवं. लेखात यातलं काही नाही. चिलरची, म्हणजे इमारती गार ठेवणाऱ्या मोठ्या यंत्राची, मोटर थेट सुरू केली तर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, इन्व्हर्टर मात्र जरा जास्त मागितलं की मान टाकतो, हेही नाही. आणि ज्याने माझी झोप उडते ते तर नाहीच. शॉर्ट सर्किट झालं की ग्रिड प्रचंड करंट देते, म्हणून फ्यूज उडतो, बिघाड हेरून वीज तोडायला लावणारा रिले ओळखतो. इन्व्हर्टर आपल्या रेटिंगच्या थोडाच वर देतो. म्हणजे कुठेतरी केबल जळत असेल आणि जुन्या रिलेला वाटेल, कोणीतरी एसी लावलाय.

शेवटचं. बॅटरी सगळ्यांना पुरणार नसते. मायक्रोग्रिड म्हणजे निम्मं काम कोणाची लाइट घालवायची हे ठरवण्याचं. ती यादी कोण करणार, ते लिहा आणि मग आमची जनित्रं भंगारात काढा.

सूर्यमुखी

लेख सामान्य वाचकांसाठी होता, तुमच्या वार्षिक परीक्षेसाठी नाही. ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर बाजारात आहेत, चिलरची मोटर हळूहळू सुरू करायला सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी लावता येतो, रिलेचं सेटिंग बदलता येतं. ज्याला काही करायचंच नसतं त्याला अडचणींची यादी तोंडपाठ असते. मी ज्या संस्थेत शिकले तिथे इमारतीतले दिवे बदला म्हटलं तरी 'लोड स्टडी करावा लागेल' म्हणायचे. माझा कोर्स संपला, स्टडी चालूच.

जगात हे होतंय, साहेब. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं, न्यू जर्सीत लाखो घरं अंधारात गेली, आणि प्रिन्स्टन विद्यापीठ स्वतःच्या मायक्रोग्रिडवर चालू राहिलं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या आवाराचा मोठा भागही चालू होता. तेव्हा तिथल्या फेज-न्यूट्रलांनी 'दोन सेकंदांचा दंडक' सांगितला असता तर?

फेज-न्यूट्रल

तिथल्या फेज-न्यूट्रलांनीच ते चालवलं, ताई. आणि कशावर चालवलं ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. प्रिन्स्टनला भार उचलला तो सुमारे १५ मेगावॉटच्या गॅस टर्बाइनने. न्यूयॉर्कलाही गॅसवरचाच सहनिर्मिती संच. वीजही तयार होते आणि वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाफही. उत्तम योजना आहे, माझा सलाम. पण 'पॅनेल टाका आणि इंधन सोडा' याचा दाखला म्हणून ती देता येत नाही.

तुम्हाला सौर दाखलाच हवाय तर हा घ्या. स्टॅनफर्डने २०२२ च्या मार्चमध्ये आपला दुसरा मोठा सौर प्रकल्प सुरू केला आणि वापराइतकी सगळी वीज सूर्याची असं जाहीर केलं. त्याच वर्षी जूनमध्ये जवळच वणवा लागला, आवाराला येणारी वाहिनी गेली, आणि काही दिवस विद्यापीठ अंधारात. वर्ग रद्द. प्रकल्प दूर रोझामंड आणि लिमूरला छान वीज बनवत होते. हिशेबात शंभर टक्के, खोलीत शून्य.

खर्डेघाशी

दोघेही वीज गेल्यावरच्या गोष्टी करताय. वीज वर्षातले बहुतेक तास असते. तेव्हाचं काय?

मी लेखा विभागातला, मला व्होल्टचं कळत नाही, बिलाचं कळतं. मोठ्या ग्राहकाच्या बिलात युनिटइतकाच त्रास देणारा आकडा असतो कमाल मागणीचा. महिन्यातल्या एका दुपारी सगळे एसी, सगळ्या प्रयोगशाळा आणि सभागृह एकदम लागलं, की त्या अर्ध्या तासाचा भुर्दंड महिनाभराच्या बिलावर. बॅटरीचे पैसे वसूल होतात ते हे शिखर कापण्यात. आता गंमत बघा. शिखर कापायला बॅटरी रोज रिकामी व्हायला हवी. लाइट गेल्यावर उपयोगी पडायला ती कायम भरलेली हवी. आमच्याकडे प्रस्तावात एकाच बॅटरीचा फायदा दोन्ही रकान्यांत धरला होता. मी फाइलवर लाल शेरा मारला, तर मलाच 'हरित विचारांचा विरोधक' ठरवलं. विक्रेत्याच्या माणसाने मला मोर असलेलं कॅलेंडर दिलं होतं, तेही त्या दिवसापासून बंद झालं.

सूर्यमुखी

काही टक्के राखीव ठेवून बाकीची रोज वापरायची, इतकं साधं आहे. कंट्रोलर त्यासाठीच असतो. हवामानाचा अंदाज वाईट असला तर राखीव वाढवायची.

खर्डेघाशी

म्हणजे फायदा दोन्ही रकान्यांत पूर्ण नाही. मी तेच लिहिलं होतं. आभारी आहे, फक्त उशीर झाला.

तिसरा मजला

'कोणाची लाइट घालवायची ती यादी कोण करणार' म्हणे. जसं काही कोणाला माहीत नाही. हॉस्टेलची. नेहमी हॉस्टेलची. प्रशासकीय इमारतीत रात्री कुत्रं नसतं, पण व्हरांड्यातले दिवे जनित्रावर. आमच्या मजल्यावर परीक्षेच्या आदल्या रात्री पोरं मोबाइलच्या उजेडात जिन्यात बसून वाचतात, कारण त्या जिन्यातला एकच दिवा इमर्जन्सी फीडरवर, म्हणजे लाइट गेल्यावरही चालू राहणाऱ्या वाहिनीवर, आहे. तुमचा स्मार्ट कंट्रोलर आला की हेच जास्त स्मार्टपणे करणार, एवढाच फरक.

उणे ऐंशी

तिसरा मजला, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, पण अंधारात वाचून कोणाची पाच वर्षांची पीएच.डी. वितळत नाही.

आमच्या विभागात संशोधनाचे नमुने गोठवून ठेवायचे उणे ८० अंशांचे फ्रीझर आहेत. अभियंत्यांनी 'अत्यावश्यक भार' म्हणून यादी केली त्यात सर्व्हर रूम, लिफ्ट, पंप, कुलगुरूंचं दालन. फ्रीझर 'घरगुती उपकरणे' या शीर्षकाखाली! रविवारी रात्री लाइट गेली, जनित्र लागलं, पण आमचा फीडर त्यावर नव्हता. फ्रीझरचा अलार्म ज्या मोबाइलवर जायचा तो विद्यार्थी पदवी घेऊन केव्हाच निघून गेला होता. त्याला मेसेज गेला असेल, त्याने काय करावं? सोमवारी सकाळी आमची एक मुलगी पेशींचा डबा हातात घेऊन उभी होती, त्यातून पाणी ठिबकत होतं. तिला तुमचं प्रिन्स्टन सांगा.

उघडं दार

अहो, पण उणे ८० च का? हा प्रश्न कोणी विचारतच नाही. तोच फ्रीझर उणे ७० ला ठेवला तर साधारण ३० टक्के वीज वाचते. जुना फ्रीझर दिवसाला २० युनिटांच्या आसपास खातो, म्हणजे आपल्याकडच्या काही घरांइतकं. एका विभागाच्या मार्गिकेत असे रांगेने उभे, आणि त्यांनी खोलीत फेकलेली उष्णता काढायला वर एसी. गच्चीवर पॅनेलची आणखी एक रांग टाकण्याआधी ते बटण फिरवा की. काही दशकांपूर्वी ही यंत्रं उणे ७० लाच चालायची, तेव्हा विज्ञान थांबलं होतं का? बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठाने उणे ७० ला सुखरूप राहिलेल्या नमुन्यांची यादीच जमवून ठेवली आहे. वाचा.

उणे ऐंशी

यादी वाचली आहे. माझा नमुना तिच्यात नाही. तो उणे ७० ला टिकत नाही हे मला कळेल तेव्हा तो गेलेला असेल, आणि प्रबंधाच्या परीक्षकाला मी 'तीस टक्के वीज वाचली' हे उत्तर देऊ? शिवाय लाइट गेली की उणे ८० वरून वर चढायला जास्त वेळ लागतो. ते दहा अंश हीच माझी बॅटरी आहे. तुमची यंत्रणा भरवशाची करा, मग मी बटण फिरवते.

उघडं दार

भरलेला फ्रीझर दार बंद ठेवलं तर कितीतरी तास थंडी धरतो. वितळतो कोणाचा? ज्याचं रबर फाटलंय, आत बर्फाचे डोंगर आहेत आणि जो 'बघू अजून ठीक आहे का' म्हणून दर दहा मिनिटांनी उघडला जातो. आमच्याकडे एकदा सगळे फ्रीझर रिकामे करून मोजदाद केली. कितीतरी डब्यांवर नाव नाही, असलंच तर संस्था सोडून गेलेल्याचं. दिवसरात्र वीज जाळून आपण अनोळखी माणसांचं काहीतरी जपतोय.

उणे ऐंशी

'काहीतरी'?! तो 'काहीतरी' परत गोळा करता येत नाही. रुग्णांचे नमुने आहेत, काही आज हयात नसलेल्यांचे. तुम्ही कधी प्रयोगशाळेत उभे तरी राहिलात का, की नुसतंच वीज मोजायला येता?

उघडं दार

उभा राहिलो आहे. तुमच्यासारख्यांचा बर्फ मीच खरवडतो.

तिसरा मजला

एक फ्रीझर म्हणजे काही घरं. एका मार्गिकेत घरांची रांग. आणि आमच्या अख्ख्या मजल्याच्या ट्यूबलाइट त्यातल्या एकावर चालतील. फक्त सांगून ठेवतो.

सूर्यमुखी

विषयावर येता का कोणी? फ्रीझर हा तपशील आहे. आवारातला मोठा भार गारव्याचा असतो, आणि गारवा साठवायला लिथियम बॅटरी लागतच नाही. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात थंड पाण्याची टाकी आहे, सुमारे १ कोटी ४० लाख लिटरची. ग्रिडवर ताण नसतो तेव्हा पाणी थंड करायचं आणि दुपारी तेच इमारतींमध्ये फिरवायचं. चिलर बंद राहिले तरी खोल्या गार. शिखर कापलं जातं आणि खर्डेघाशींच्या दोन रकान्यांचं भांडणही बरंचसं मिटतं, कारण बॅटरी राखीव ठेवता येते.

फेज-न्यूट्रल

हे मूळ लेखात असतं तर मी एवढं टंकलंच नसतं. चांगलं आहे. (हो, म्हणतोय चांगलं आहे. कोणीतरी स्क्रीनशॉट काढून ठेवा.) मात्र त्याच आवारात गॅस टर्बाइनही आहेत, १३.५ मेगावॉटच्या दोन, आणि स्वतःची बहुतेक वीज ते त्यांच्यावरच काढत आले आहेत. पॅनेल आहेत, बॅटरी आहे, सगळं आहे. कणा टर्बाइनचा.

सूर्यमुखी

ब्लू लेक रँचेरिया. कॅलिफोर्नियातली आदिवासी वसाहत, विद्यापीठाहून लहान, मान्य. ४२० किलोवॉट पॅनेल आणि बॅटरी. ऑक्टोबर २०१९ मध्ये वणव्याच्या भीतीने कंपनीने अख्ख्या भागाची वीज तोडली, तेव्हा ती चालू राहिली आणि आसपासचे लोक तिथे आसऱ्याला आले. टर्बाइन नव्हती.

फेज-न्यूट्रल

जनित्र मात्र होतं. भंगारात काढलेलं नव्हतं. माझं म्हणणं पहिल्यापासून तेवढंच. जनित्र ठेवा, कमी वापरा. आणि तेही जपून वापरा, कारण पॅनेलने भार उचलला की जनित्र तीस टक्क्यांच्या खाली रखडतं, न जळलेलं डिझेल धुराड्यातून ओघळायला लागतं. त्यात भार अचानक कमी झाला तर पॅनेलची वीज उलटी जनित्रात शिरते आणि ते रिव्हर्स पॉवरवर ट्रिप होतं. झालं, दोन्ही गेलं. कंट्रोलरने तेव्हा पॅनेल आवरायला हवेत. आमच्याकडे बसवणाऱ्याने ती तारच जोडली नव्हती. कागदावर जोडलेली होती.

सूर्यमुखी

म्हणजे ठेकेदाराने तार जोडली नाही म्हणून माझा लेख चुकीचा. बरं. 'भंगारात काढा' ऐवजी 'कमी वापरा' असं वाचा, शीर्षक बदलणार नाही.

उणे ऐंशी

सगळं ठरलं असेल तर फीडरचं बोला. फेज-न्यूट्रल, तुमच्या आवारात फ्रीझर कुठल्या यादीत आहेत?

फेज-न्यूट्रल

दुसऱ्या. पहिल्या यादीत घ्यायला तयार आहे, पण विभागप्रमुखांनी आधी सांगावं की कुठले जपायचे. 'सगळे' असं पत्र आलंय. सगळे अत्यावश्यक असतील तर यादी कशाला?

उघडं दार

ज्यांच्या डब्यांवर नावं नाहीत ते एका फ्रीझरमध्ये काढा. तो उणे ७० ला. सहा महिने बघा.

उणे ऐंशी

उणे ७५. एकच फ्रीझर. आणि बाकीचे पहिल्या यादीत, आणि अलार्म सबस्टेशनात.

फेज-न्यूट्रल

अलार्म सबस्टेशनात चालेल. रात्री माणूस असतो. सहीशिक्क्याचं पत्र पाठवा.

तिसरा मजला

आणि आमचा जिना?