मका पिवळी पडलीय, अजून युरिया टाकू का? लवकर सांगा

सिल्लोडचा_मकावाला: 4 एकर मका आहे. युरिया टाकला आन दुसऱ्याच रात्री धो धो पाऊस, पुढं चार दिवस उघडलाच नाही. आता सगळं रान पिवळं दिसतंय. गेल्या वर्षी एवढ्याच खतावर एकरी 26 क्विंटल झाली होती. अजून एक बॅग टाकू का? उद्या मजूर येणारेत, आजच सांगा.

काळी_आई: किती दिवसांची आहे? एकरी किती टाकला? जमीन कशी, पाणी निघालं का?

सिल्लोडचा_मकावाला: एकरी एक बॅग, फोकून. बाकी सगळं नॉर्मल आहे हो, टाकू का नको तेवढं सांगा.

पोंगा_बघा: पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, लष्करी अळी असणार. इमामेक्टिन मारा.

सिल्लोडचा_मकावाला: अळी नाही दादा, कालच बघितलं.

गोदाकाठ: युरिया सोडा भाऊ. एकरी 200 लिटर शेण-गोमूत्राचं जीवामृत द्या, मी चार वर्षं तेच देतोय.

काळी_आई: गोदाकाठ अण्णा, पीक पाण्यात उभं असेल तर वरून अजून ओतून काय होणार? भाऊ, दिवस सांगा आधी.

सिल्लोडचा_मकावाला: 32 दिवस. खालचे दोन एकर भारी काळी, ओळीत पाणी अजून आहे. वरचे दोन मुरमाड.

काळी_आई: हेच आधी पाहिजे होतं. दोन्हीकडं एक इलाज चालणार नाही. मुरमाडात युरियातलं नत्र (नायट्रोजन) पाण्याबरोबर खाली झिरपून गेलं, काळ्यात पाणी साचून हवा बंद झाली की नत्र वायू होऊन उडतं आन मुळंही गुदमरतात, मग खत असून पीक उचलत नाही. आधी चर काढून पाणी बाहेर काढा. वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी जाऊन माती मोकळी होईपर्यंत, खालच्या रानात युरियाचा दाणा टाकू नका. तोवर 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम युरिया, सकाळी फवारा. आन खालची पानं बघा, शेंड्याकडून मधल्या शिरेनं इंग्रजी व्ही सारखं पिवळं असेल तर नत्रच कमी आहे.

बांधावरून: नॅनो युरियाची बाटली मारा, बॅगेचं काम होतं.

काळी_आई: 500 मिली बाटलीत नत्र किती ते लेबलवर वाचा. 45 किलोच्या बॅगेत 20 किलोच्या वर असतं.

बांधावरून: माझ्या रानात फरक दिसला, तुमचं तुम्ही बघा.

परभणी_रब्बी: उलटं पण होतं. 2023 चा ऑगस्ट आठवा, देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा. मी दोन बॅगा टाकल्या, शेजाऱ्यानं एक, दोघांनाही एकरी 11 क्विंटलच. ओलच नाही तर मूळ खत घेणार कसं? म्हणून गेल्या वर्षीच्या हिशोबावर जाऊ नका.

तुरा_कणीस: युरिया मिळतोय कुठं? आमच्याकडचा दुकानदार सोबत दुसरं औषध घेतल्याशिवाय बॅग देत नाही.

भाव_काय: 2025-26 ला मक्याचा हमीभाव क्विंटलला 2400 होता, घाबरू नका.

सिल्लोडचा_मकावाला: भाव कोण विचारतंय इथं! काळी_आई, दोन झाडं उपटली. वरच्या रानात मुळं पांढरी आहेत अन खालचं पान तुम्ही म्हणता तसंच पिवळं. खालच्या रानात मुळांचे शेंडे तपकिरी, कुजका वास येतोय. मजुरांना चरावर लावतो. वर वाफसा आला की अर्धी बॅग ओळीत पेरून मातीआड करू का?

काळी_आई: वर करा. खालचं चार दिवसांनी परत उपटून बघा, पांढरं नवं मूळ फुटलं तरच पैसे घाला.