मदत हवी आहे: गायगर काउंटर कागदाला दादच देत नाही

नमस्कार मंडळी. देगलूरकडे ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. किरणोत्सारातला अल्फा कागदानं अडतो, बीटा ॲल्युमिनियमच्या पत्र्यानं, गॅमाला शिसं लागतं, हे बारावीच्या लेकरांना तोंडपाठ आहे. म्हटलं, एकदा डोळ्यांनी दाखवू. ऑनलाइन मिळतो तो काचेच्या नळीचा, किरणोत्सार टिकटिक करून मोजणारा साधा काउंटर मागवला. वरातीला गॅसबत्त्या भाड्यानं देणाऱ्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून जुन्या साठ्यातलं कोरं मेंटल (बत्तीत उजळणारी जाळीची पिशवी) आणलं, त्यात थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं म्हणून.

रिकाम्या खोलीत मिनिटाला तीसेक टिकटिक. मेंटल नळीला टेकवलं की दीडशेच्या आसपास. मध्ये कागद धरला, आकडा जिथल्या तिथं! वहीची पाच-सहा पानं घातली तरी फारसा फरक नाही. दोन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा घातल्यावर मात्र धाडकन पंचेचाळीसवर. शिसं भंगारातल्या जुन्या टेलिफोन केबलचं, ठोकून सपाट केलेलं. त्यानंही चाळीसच्या खाली येईना. मागच्या बाकावरून लगेच आवाज, "सर, पुस्तक खोटं का मशीन खोटं?"

आणखी एक. सासरवाडीला लातूरला हेच मशीन नेलं, तर तिथं रिकाम्या खोलीतला आकडा इथल्यापेक्षा कमी. असं का? आणि मेंटल लेकरांच्या हाती द्यावं का?

प्रतिसाद १

सर, पुस्तकही खरं, मशीनही खरं. तुमच्या नळीला अल्फा दिसतच नाही. त्याला दोन प्रोटॉन-दोन न्यूट्रॉनचं ओझं आणि दुप्पट विद्युतभार. जाईल तिथं अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत जातो, म्हणून हवेतच काही सेंटीमीटरमध्ये संपतो. नळीची काच त्याला भिंतच आहे. कागदानं अडवायला तो आत पोचायला तर हवा! अल्फा मोजायला टोकाला अभ्रकाची पातळ खिडकी असलेली नळी लागते.

मग दीडशे कुठून आले? थोरियम फुटत फुटत शेवटी शिशावर थांबतं. वाटेत रेडियम, ॲक्टिनियम, बिस्मथ, थॅलियम. ॲक्टिनियम-२२८ आणि बिस्मथ-२१२ यांचा बीटा चांगला जोरकस असतो. काच ओलांडून तोच मोजला जातोय आणि ॲल्युमिनियमनं तोच अडवला. मेंटल जुनं मिळालं ते बरंच झालं. ताज्या शुद्ध केलेल्या थोरियममध्ये रेडियम-२२८ पुन्हा साठायला वर्षं लागतात, त्याचं अर्धायुष्यच (निम्मं उरायला लागणारा काळ) पावणेसहा वर्षांचं.

गॅमाचं गणित वेगळं. तो एका जाडीला "थांबतो" असं नसतं, निम्मा होत जातो. थॅलियम-२०८ चा गॅमा २.६ एमईव्ही (ऊर्जेचं एकक) इतक्या ऊर्जेचा, त्याला निम्मं करायला जवळपास दीड सेंटीमीटर शिसं हवं. तुमच्या केबलच्या पत्र्याला तो काय जुमानणार? शिवाय चाळीसातले तीस तर खोलीचेच. ते आधी वजा करा, मग तक्ता मांडा.

लातूरचं कोडं पायाखालीच आहे. लातूर काळ्या बेसॉल्टवर. तुमच्याकडे देगलूर-बिलोलीला ग्रॅनाइट उघडा पडलाय, आणि ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम जास्त. घरं त्याच दगडाची असतील तर फरक आणखी दिसेल. फक्त दोन्हीकडे दहा-पंधरा मिनिटं मोजून सरासरी काढा. एका मिनिटाचा आकडा सहज चार-पाचनं हलतो.

मेंटल झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद ठेवून दाखवा, बीटा-गॅमा तरी येतातच. पेटवू नका. जळलेलं मेंटल हात लावताच भुगा होतं. अल्फा कातडीबाहेर निरुपद्रवी, पण ती धूळ श्वासातून फुप्फुसात गेली की सगळी ऊर्जा तिथंच ओततो.

धागाकर्ता

ताई, खूप आभार. काच अडवते हे डोक्यातच आलं नव्हतं. अल्फा प्रत्यक्ष दाखवायला स्वस्तात काही? धुराच्या अलार्ममध्ये अमेरिशियम हे अल्फा सोडणारं मूलद्रव्य असतं म्हणतात.

प्रतिसाद २

अलार्म अजिबात फोडू नका सर! क्लाउड चेंबर करा, म्हणजे कणांच्या वाटा धुक्याच्या रेघांसारख्या दाखवणारं भांडं. काचेचं भांडं, आयसोप्रोपिल अल्कोहोल, खाली सुका बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड). अल्फाची रेघ जाड आणि आखूड, बीटाची बारीक, वेडीवाकडी. सुका बर्फ नांदेडला आइस्क्रीमवाल्यांकडे विचारून बघा. आणताना गाडीच्या काचा उघड्या ठेवा, बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड साठतो.