श्रीलंका : तुमचे पाय कुठे थांबले? (अनुभव धागा)

मागच्या फेब्रुवारीत आम्ही दोघं श्रीलंकेला जाऊन आलो. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंय, "किती दिवस पुरतात? काय काय बघायचं?" तशा याद्या कुठेही मिळतात. मला इथे दुसरंच हवंय. जाऊन आलेल्यांनी एकच जागा सांगायची, जिथून पाय निघेना. का निघेना, तेही लिहायचं. सुरुवात माझ्यापासून करते.

माझी जागा सिगिरियाला, पण माथ्यावर नाही. पाचव्या शतकात कश्यप राजाने रानातून सरळ वर उठलेल्या सुमारे २०० मीटर उंच खडकावर राजवाडा बांधला. जवळजवळ १२०० पायऱ्या चढाव्या लागतात. मध्यावर कातळात त्या प्रसिद्ध रंगवलेल्या स्त्रिया आहेत आणि त्यांच्याखालून जाणाऱ्या वाटेला लागून एक भिंत आहे. चुन्याचा गिलावा घोटून घोटून तिला आरशासारखी चकाकी आणली होती. राजा गेला, राजवाडा ओस पडला, तरी लोक शतकानुशतकं ती चित्रं बघायला येत राहिले आणि जाताना या भिंतीवर चार ओळी कोरून गेले. सेनरत परणवितान या पुरातत्त्वज्ञाने त्यातल्या ६८५ कविता वाचून १९५६ साली प्रसिद्ध केल्या. बहुतेक आठव्या ते दहाव्या शतकातल्या, काही बायकांनी लिहिलेल्या. कोणी त्या चित्रातल्या बाईच्या प्रेमात पडलंय, कोणी तिच्यावर रुसलंय. म्हणजे आपला हा धागा तिथे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच सुरू झालाय! आता अर्थातच भिंतीला हात लावायलाही बंदी आहे. मी पंधरा-वीस मिनिटं तिथे उभी होते, मागून येणाऱ्यांना वाट देत.

सकाळी दार उघडतं तेव्हाच जा, नऊनंतर पायऱ्यांवर रांग लागते.

भंडाऱ्याहून

ताईंनी कश्यपाचं नाव काढलं, म्हणून त्याच्या वडिलांबद्दल लिहितो. मी जलसंपदा विभागातून निवृत्त झालो. उभा जन्म पाळी (तलावांचे बांध), सांडवे आणि पाट यांत गेला. मुलाने सहल ठरवली, तेव्हा मी एवढंच म्हटलं की मला कलावेव दाखव. वेव म्हणजे तलाव.

धातुसेन राजाने हा तलाव पाचव्या शतकात बांधला. कश्यप त्याचाच मुलगा. त्याने बापाला कैद केलं आणि खजिना कुठे लपवलास म्हणून छळ मांडला. जुन्या बखरीत पुढची गोष्ट अशी आहे : धातुसेन त्यांना कलावेववर घेऊन गेला, पाण्यात उतरला, ओंजळ भरली आणि म्हणाला, माझी सगळी संपत्ती ती हीच. कश्यपाने त्याला भिंतीत चिणून मारलं. सिगिरियाचे कारंजे आणि बागा मीही बघितल्या, सुंदरच आहेत. पण त्या बघताना माझ्या मनात म्हातारा धातुसेनच होता.

या तलावातून जयगंगा नावाचा ८७ किलोमीटर लांबीचा पाट निघतो आणि जुनी राजधानी अनुराधपूर इथपर्यंत जातो. सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरमागे जेमतेम १० सेंटीमीटर आहे. ज्याने कधी लेव्हल लावून पाटाची आखणी केली आहे, त्यालाच हा आकडा काय आहे ते कळेल. दुर्बीण नाही, काही नाही, आणि दीड हजार वर्षांपूर्वी यांनी पाणी असं चालवत नेलं. तो पाट आजही वाहतो.

दुसरी वस्तू बिसोकोटुव. तलावाच्या पाळीत, पाण्याच्या बाजूला, बांधलेली दगडी चौकोनी विहीर. तलावाचं पाणी थेट बाहेर न काढता आधी या विहिरीत घ्यायचं, तिथे त्याचा जोर मोडायचा, दारं वर-खाली करून हवं तेवढंच पुढे सोडायचं. त्यामुळे पाळीखालची मोरी उखडत नाही, पाळ फुटत नाही. आमच्या भागात माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातले) तलाव आहेत, एकाचं जादा पाणी खालच्या तलावात उतरतं. तिथेही तलावांच्या अशाच साखळ्या आहेत. आपल्याकडच्या कितीतरी तलावांत गाळ साचलाय, पाळींवर बाभळी वाढल्यात. कलावेवच्या पाळीवर बसून भातखाचरं बघताना मला आनंदही झाला आणि फार वाईटही वाटलं.

जवळच औकनची बुद्धमूर्ती आहे, अखंड कातळातून घडवलेली, सुमारे १२ मीटर उंच. तीही चुकवू नका.

नागपूरहून

आमची जागा अनुराधपूरचा जय श्री महाबोधी. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेहून आणलेली फांदी ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इथे लावली. माणसांनी लावलेला आणि लागवडीचा काळ नोंदलेला याहून जुना वृक्ष जगात नाही. इतकी वर्षं त्याची राखण अखंड चालू आहे. फांद्यांना सोन्याच्या रंगाच्या टेकूंचा आधार दिलाय.

आई ७१ वर्षांची, तिने पांढरी साडी मुद्दाम नेली होती. तिथे सगळेच पांढऱ्यात येतात, हातात कमळं नाहीतर निळी कुमुदं. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच झाडाच्या रोपापासून वाढवलेला, भदन्त आनंद कौसल्यायनांनी ते आणलं, हे आई आम्हाला लहानपणापासून सांगत आलीय. बाबासाहेबही १९५० साली श्रीलंकेत बौद्ध परिषदेला गेले होते. आई कठड्यापाशी बसली आणि तिने हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. शेजारी एक सिंहली आजी होत्या, त्यांनी पुढची ओळ उचलली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पालि दोघींची होती. मग पंचशीलही दोघींनी मिळून म्हटलं. एक पान गळून आईच्या पदरात पडलं. ते आता घरी तसबिरीमागे आहे.

व्यवहाराचं एक सांगते. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी फरसबंदी तापून पाय भाजतात. मोजे घाला, मोजे चालतात. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आणि मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, त्यांना ते मनापासून लागतं.

ठाण्याहून (धागाकर्ती)

आईंचं वाचून डोळे भरले. मोज्यांबद्दल शंभर टक्के अनुमोदन. आणखी एक : पासपोर्ट जवळ ठेवा, आम्हाला पुरातत्त्व स्थळांच्या तिकिटावर सार्क देशांची सवलत मिळाली.

मडगावहून

तुम्ही सगळे राजांचं लिहिताय, मी एका गोंयकाराचं लिहिते. कोलंबोला गॉल फेस म्हणून समुद्राकाठचं मोठं मैदान आहे. संध्याकाळी पतंग, वडे, पोरांचा दंगा. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी याच मैदानावर जुझे वाझ यांना संतपद जाहीर केलं. वाझ १६५१ साली बाणावलीत जन्मले. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डचांचा अंमल होता आणि त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातली होती. १६८७ मध्ये हे मजुराच्या वेषात जाफन्याला उतरले, तमिळ आणि सिंहली शिकले, रात्री-अपरात्री घरोघर जाऊन मिस्सा म्हटल्या. कँडीत हेर समजून त्यांना अटक झाली, पुढे तिथल्याच बौद्ध राजाने त्यांना आसरा दिला. देवीची साथ आली तेव्हा लोक रोग्यांना रानात सोडून देत होते, त्या रोग्यांची सेवा यांनी केली. १७११ साली कँडीतच वारले, गोव्याला परत आलेच नाहीत.

ही गोष्ट डोक्यात ठेवून दक्षिणेतल्या गॉल शहराच्या किल्ल्यात फिरा. किल्ला पोर्तुगिजांनी सुरू केला, १६४० मध्ये डचांनी घेतला, १७९६ मध्ये इंग्रजांकडे गेला. जुन्या दरवाज्याला बाहेरून इंग्रजांचं राजचिन्ह आहे, आतून डच कंपनीचं, त्यावर कोंबडा आणि १६६९ हे साल. आतल्या गल्ल्या, ओसऱ्या, कौलं बघून मला पणजीच्या फोंताइन्यासची आठवण आली, पण खांब जाड आणि खिडक्या डच. १७५५ च्या चर्चमध्ये जमिनीलाच थडग्यांच्या शिळा आहेत. कितीतरी लहान मुलांच्या. कोणाच्या विजयाचा दगड आणि कोणाचं बाळ, दोन्ही एकाच भिंतीच्या आत.

२००४ च्या त्सुनामीत बाहेरचं गॉल, बसस्टँड, क्रिकेटचं मैदान पाण्याखाली गेलं. तटामुळे किल्ल्यातली घरं बरीचशी वाचली.

मालवणहून

मी खाण्यातच अडकलो, चालेल ना? कँडीच्या घरगुती मुक्कामात सकाळी ताटात शिरवाळे (तांदळाच्या शेवया) आले! ते त्याला इंदिआप्प म्हणतात. आपण नारळाच्या गोड रसाबरोबर खातो, ते हळद घातलेल्या नारळदुधाच्या पातळ रस्स्याबरोबर आणि पोल सांबोलबरोबर, म्हणजे खोबरं, तिखट आणि लिंबू. त्याच शिरवाळ्यांत गूळखोबऱ्याचं सारण भरून वाफवतात, त्याचं नाव लवारिया. घरच्या काकूंना मोबाइलवर मोदक दाखवला, त्या हसत सुटल्या. म्हशीच्या दुधाचं मडक्यातलं दही आणि वर माडाच्या जातीच्या कितुलचा काकवीसारखा पाक, हे रोज खाल्लं. काकू आप्पं मोजत होत्या, "हत, अट, नवय, दहय." सात, आठ, नऊ, दहा! सिंहली आपल्याच भाषाकुळातली आहे हे त्या दिवशी कानाने कळलं.

डोंबिवलीहून

आम्ही जानेवारी २०१९ मध्ये गेलो होतो. कँडी ते एल्ला रेल्वे सगळेच सांगतात, ती आहेच सुंदर. देमोदराचा नऊ कमानींचा पूल १९२१ चा, दगड-विटा-सिमेंटचा, लोखंडाशिवाय. पण माझे पाय थांबले नुवरएलियाजवळच्या एका मळ्यात. आमच्या गाडीवाल्याला आम्हाला रत्नांच्या आणि मसाल्याच्या दुकानांतच न्यायचं होतं, शेवटी वैतागून आम्ही उतरून चालायला लागलो. वाटेत चहा खुडून परतणाऱ्या बायका भेटल्या, त्यातल्या एकीने घरी नेलं. एका ओळीत जोडलेल्या खोल्या, त्यांना लयम म्हणतात. आपल्या चाळीहून कितीतरी अंधाऱ्या.

१८६७ मध्ये जेम्स टेलरने चहाची पहिली व्यापारी लागवड केली. पुढे कॉफीवर तांबेरा पडला आणि सगळे डोंगर चहाचे झाले. त्यासाठी दक्षिण भारतातून तमिळ मजूर आणले. देश स्वतंत्र झाल्यावर यांचं नागरिकत्वच गेलं. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो (भारत आणि श्रीलंकेचे तेव्हाचे पंतप्रधान) करारानंतर लाखो माणसं, तिथेच जन्मलेली, भारतात पाठवायचं ठरलं. त्या ताईंचे काका असेच गेले, पुन्हा भेट नाही. लाल विटांचं पोस्ट ऑफिस आणि इंग्रजी बंगले मी नंतर बघितले, पण त्यांच्याकडे बघण्याची नजर बदलली होती. पाट्यांवर "कोवळी दोन पानं आणि कळी" एवढंच असतं. ती खुडणारा हात विसरू नका.

साताऱ्याहून

हॉर्टन प्लेन्स. पहाटे निघा. साडेआठला पोचलो तर समोर सुमारे ८७० मीटरचा कडा आणि खाली गावं दिसली. सव्वानऊला नुसतं पांढरं धुकं. कोकणकडा बघितलेल्यांना हा प्रकार ठाऊक आहे. प्लास्टिकची वेष्टणं दारावरच काढून घेतात, फार चांगलं करतात.

लंडनहून

उत्तरेबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय. १९८१ च्या मे महिन्याच्या शेवटच्या रात्री ते जाळलं गेलं. ९७ हजारांवर पुस्तकं, त्यांत ताडपत्रावरची हस्तलिखितं, ज्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. मग पंचवीस-सव्वीस वर्षं यादवी युद्ध चाललं. इमारत पुन्हा बांधली, पांढरीशुभ्र, घुमटाची, पुढे सरस्वती बसलेली.

बाहेरच्यांना ठरावीक वेळेतच आत सोडतात. चपला काढून गेलो. बरीच माणसं वर्तमानपत्रं वाचत होती. मुलांच्या विभागात एक सात-आठ वर्षांची मुलगी बोट ठेवून तमिळ अक्षरं लावत होती आणि शेजारी तिचे आजोबा डोळे मिटून ऐकत होते. ती अडली की डोळे न उघडताच ते शब्द सांगायचे. जळालं तेव्हा ते तरुण असणार. विचारण्याचा धीर झाला नाही.

कोलंबोहून यालदेवी गाडी २०१४ मध्ये पुन्हा थेट जाफन्यापर्यंत सुरू झाली. समुद्रातल्या नयनातिवू बेटावर जायचं मात्र राहून गेलं. नागपूषणी अम्मनचं देऊळ आणि नागदीप विहार दोन्ही त्या एकाच बेटावर आहेत. कोणी गेलं असेल तर बोटीच्या वेळा आणि तिथे काय वाटलं, दोन्ही लिहा.