मदत हवी आहे: बुलेट ३५० (उजवा गिअर), गरम झाल्यावर न्यूट्रल सापडत नाही आणि दुसरा-तिसरा नीट पडत नाही

डिचोलीकर३५०:
गाडी १९९८ची कास्ट आयर्न बुलेट, उजवा गिअर (पेडल उजव्या पायाला), चार स्पीड. पावसाळाभर फारशी चालली नाही. आता त्रास असा आहे: थंड असताना पहिला टाकला की 'खट्ट' आवाज होऊन गाडी पुढे उडी घेते. गरम झाल्यावर क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढते. चोडणच्या फेरीच्या रांगेत तर न्यूट्रल सापडतच नाही, शेवटी बंद करून ढकलावी लागते. शिवाय दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना कधी कधी मध्येच मोकळी पडते आणि इंजिन नुसतं ओरडतं. चढावर क्लच घसरत नाही. केबल जुनीच आहे, लिव्हरला बोटभर ढिली लागते. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स उतरवू. उतरवावा का?

उजवा_पाय:
लगेच उतरवू नका. तुम्ही लिहिलेले त्रास दोन वेगळे आहेत आणि त्यातला पहिला, म्हणजे उडी, ओढणं आणि न्यूट्रल न सापडणं, शंभर टक्के क्लचचा आहे. क्लच पूर्ण सुटत नसेल तर जगातला कुठलाही गिअरबॉक्स कडकच लागणार.

आधी इंजिन बंद ठेवून तपासा. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागचं चाक एका हाताने पुढे-मागे हलवत दुसऱ्या हाताने गिअर टाका. पहिला वर, बाकी तिन्ही खाली. चारही गिअर स्वच्छ पडले तर आतले दाते आणि फोर्क (गिअर सरकवणारे काटे) बहुतेक ठीक आहेत. मग इंजिन चालू करून, क्लच दाबून पहिल्यात टाका आणि मागचा ब्रेक लावा. चाक सहज थांबायला हवं. ब्रेक लावताच इंजिन दबत असेल, बंद पडू पाहत असेल, तर क्लच ओढतोय, दुसरा पुरावा नको.

थंडीतल्या उडीवर उपाय सोपा आहे. या गाडीत किक गिअरबॉक्समधून क्लचद्वारे इंजिनापर्यंत जाते. म्हणून चालू करण्याआधी क्लच दाबून धरा आणि चार-पाच किक मारा. इंजिन फिरणार नाही, फक्त चिकटलेल्या प्लेट सुटतील. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीला हे रोजच करावं.

पेडणे_पाना:
केबल आधी बदला. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत आतली तार गंजते, लिव्हर दाबला की ओढ निम्मी तारेतच जिरते. लिव्हरमधला निपल (तारेच्या टोकाची गोळी) मोकळा फिरतो का बघा, तिथे ग्रीस लावा. निपल अडकला की तार तिथेच एकेक तुटत जाते.

मग सेटिंग. हँडलकडचा ॲडजस्टर पूर्ण आत घ्या, केबल ढिली होऊ द्या. गिअरबॉक्सच्या उजव्या कव्हरवरचं छोटं झाकण काढा. आत लॉकनट आणि ॲडजस्टर स्क्रू दिसेल. लॉकनट सोडून स्क्रू हलक्या हाताने पुशरॉडला (क्लच उचलणाऱ्या दांडीला) टेकेपर्यंत फिरवा, तिथून अर्धा आटा मागे घ्या आणि लॉक करा. त्यानंतर हँडलकडून केबल अशी ताणा की लिव्हरला २ ते ३ मिलिमीटर मोकळीक राहील. बोटभर ढील म्हणजे प्रेशर प्लेट (क्लचच्या प्लेट दाबून धरणारी बाहेरची प्लेट) पुरती उचलतच नाही. मोकळीक शून्यावरही आणू नका, नाहीतर रॉड सतत घासत राहील आणि क्लच घसरू लागेल.

सेट करूनही थोड्या दिवसांत ढील परत वाढत असेल तर रॉड बाहेर काढून टोक बघा. निळं पडलेलं, चेपलेलं टोक म्हणजे कडकपणा गेला. असा रॉड घासून वापरू नका, बदलाच.

डिचोलीकर३५०:
केबल बदलली, सेटिंग केलं. बंद इंजिनात चारही गिअर पडतात. न्यूट्रल आता बरंच बरं आहे, पण गरम झाल्यावर अजून थोडी ओढते. दुसरा-तिसरा तसाच.

उजवा_पाय:
मग चेनकेस (डावीकडचा, क्लच आणि प्रायमरी चेन असलेला कप्पा) उघडा. डावा फुटरेस्ट आणि ब्रेक पेडल बाजूला केलं की झाकण मधल्या एका नटावर निघतं. खाली ट्रे ठेवा. आता कुणाला तरी क्लच दाबायला सांगा, तुम्ही किक हळू दाबा आणि प्रेशर प्लेटकडे बघा. ती सगळीकडून सारखी उचलली पाहिजे. एका बाजूने जास्त उचलत असेल तर दुसऱ्या बाजूच्या प्लेट एकमेकींना घासत राहतात, आणि गरम झाल्यावर तेच ओढणं वाढतं.

स्प्रिंगचे स्क्रू शेवटपर्यंत घट्ट हवेत, ते ढिले ठेवून क्लच 'मऊ' करायचा प्रकार करू नका. प्लेट काढल्यावर स्टीलच्या प्लेट सपाट काचेवर ठेवा. खालून ०.२ मिलिमीटरचं फीलर गेज सरकलं तर ती प्लेट वाकली आहे. फीत-प्लेटचे (घर्षणाची फीत असलेल्या प्लेटचे) कान ड्रममध्ये जिथे बसतात त्या खाचांत खड्डे पडले असतील तर सपाट कानशीने हलकं पुसून घ्या. खड्डे खोल असतील तर ड्रमच बदलावा लागतो. उघडलंच आहे तर प्रायमरी चेनची (इंजिन ते क्लच) ढीलही बघा: सगळ्यात ताणलेल्या जागी वर-खाली ६ मिलिमीटरच्या आसपास.

बंद करताना तेल लेव्हल स्क्रूपर्यंतच भरा. जास्त तेलानेही क्लच ओढतो. मधला नट जोर लावून आवळू नका, रबर सील वाकतं आणि तेल तिथूनच गळतं.

फोंडा_रॅचेट:
दुसऱ्या-तिसऱ्याबद्दल. या गिअरबॉक्समध्ये फुट कंट्रोलच्या रॅचेटला (पेडलच्या प्रत्येक दाबाला एकेक गिअर बदलणाऱ्या भागाला) एक ॲडजस्टर प्लेट असते, दोन बोल्टवर, लांबट भोकांची. ती एका बाजूला सरकली की वरचे गिअर नीट पडतात आणि खालचे अर्धवट, किंवा उलट. बोल्ट सैल करून प्लेट केसभर सरकवा, आवळा आणि पहिल्यापासून चौथ्यापर्यंत व परत तपासा. मिलिमीटरभर सरकवलं तरी फार झालं. त्याआधी पेडलचा पिंच बोल्ट आणि आटे बघा. पेडल स्प्लाइनवर सरकत असेल तर पाय पूर्ण गेला तरी शाफ्ट पूर्ण फिरत नाही.

गिअरबॉक्समध्ये काय भरलंय? जाड साधं ग्रीस असेल तर गिअर त्यात वाट कापतात आणि ग्रीस बाजूला उभं राहतं, बुश कोरडे पडतात. पातळ तेल भरलं तर गळून जातं. ईपी ०० प्रतीचं अर्धप्रवाही ग्रीस योग्य.

जोर लावताना गिअर बाहेर उडी मारत असेल तरच उतरवा. तेव्हा डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे दात) झिजलेले, फोर्क वाकलेला किंवा प्लंजरचा (गिअर जागेवर धरणाऱ्या खिळीचा) स्प्रिंग दबलेला असतो. तुमची गाडी गिअर टाकताना अडते, टाकल्यावर बाहेर पडत नाही. फरक मोठा आहे.

म्हापसा_क्लासिक:
माझी यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेली) क्लासिक आहे, तिलाही हेच लागू?

फोंडा_रॅचेट:
चेनकेस आणि रॅचेटचं नाही. तुमचं इंजिन, क्लच, गिअर एकाच तेलात चालतात. जासो एमए२ (तेलात बुडालेल्या क्लचच्या दुचाकींसाठीची प्रत) लिहिलेलं १५डब्ल्यू५० वापरा. कारचं तेल भरलं तर क्लच घसरू शकतो. लिव्हरची मोकळीक मात्र तीच.

डिचोलीकर३५०:
रॅचेट प्लेट खरंच खाली सरकली होती, तिसरा आता पडतो. चेनकेस उघडलं तर प्रेशर प्लेट मागच्या बाजूने जास्त उचलते. स्टील प्लेट सरळ आहेत. एकच स्प्रिंग बदलू?

उजवा_पाय:
नाही, सगळे एकत्र बदला. नवे बसवूनही वाकडी उचलली तर जी बाजू जास्त उचलते तिथल्या स्प्रिंगखाली पातळ वॉशर घाला, ताण वाढून ती बाजू खाली येईल. झाकण लावण्याआधी किक मारून पुन्हा बघा.