मदत हवी आहे: पेनिसिलियमचं कुळ नक्की कोणतं लिहायचं?

बटाटा-डेक्स्ट्रोज अगार या बुरशी वाढवायच्या माध्यमावर २५ अंश सेल्सिअसला सहा दिवस वाढवलेल्या बुरशींची कुळं नोंदवहीत लिहायची आहेत. प्रजाती (जीनस) ठरल्या आहेत: ऱ्हायझोपस, ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम, फ्युजॅरियम. घोळ पेनिसिलियमचा आहे. एका जुन्या पुस्तकात कुळ मोनिलिएसी, दुसऱ्यात ट्रायकोकोमेसी, नव्या यादीत ॲस्परजिलेसी. शिवाय पेनिसिलियमसारख्याच एका प्लेटमध्ये तंतू पिवळेधमक आहेत. चिकटपट्टीने स्लाइड केली तर नुसते बीजाणूच दिसतात. काय करावं?

प्रतिसाद १
ॲस्परजिलेसी लिहा. मोनिलिएसी हे नात्यावरून ठरवलेलं कुळ नव्हतंच. लैंगिक अवस्था माहीत नसलेल्या बुरशी ड्युटेरोमायसीट्स या गटात टाकून रंगावरून कप्पे पाडले होते: फिकट त्या मोनिलिएसी, काळपट त्या डिमॅटिएसी. त्यामुळे लांबच्या नात्यातल्या बुरशी एका कप्प्यात यायच्या. डीएनएवरून नाती कळू लागल्यावर हे कप्पे मोडीत निघाले, आणि एकाच बुरशीच्या दोन अवस्थांना दोन नावं देण्याची सवलतही १ जानेवारी २०१३पासून संपली. ट्रायकोकोमेसी मात्र खरं कुळ आहे. २०११मध्ये त्याचे तीन भाग सुचवले गेले: ॲस्परजिलेसी, थर्मोॲस्केसी आणि आक्रसलेलं ट्रायकोकोमेसी. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम दोन्ही पहिल्यात गेले.

बाकीचे सोपे आहेत. क्लॅडोस्पोरियम क्लॅडोस्पोरिएसीत, फ्युजॅरियम नेक्ट्रिएसीत. ऱ्हायझोपस जुन्या पुस्तकांत म्युकरेसीत सापडेल, आता ऱ्हायझोपोडेसीत धरतात, गण म्युकरेलीसच.

प्रतिसाद २
पिवळी प्लेट टॅलॅरोमायसिस या पेनिसिलियमसारख्या दिसणाऱ्या प्रजातीची असू शकते, म्हणजे कुळ ट्रायकोकोमेसी. पण रंगावर विसंबू नका, पेनिसिलियमच्या काही जातीही पिवळं रंगद्रव्य सोडतात. बीजाणू ज्यांच्या टोकाला तयार होतात त्या फायलाइड पेशी बघा. पेनिसिलियममध्ये त्या बहुधा सुरईसारख्या, फुगीर पोटाच्या असतात. टॅलॅरोमायसिसमध्ये सडपातळ, टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या, आणि त्यांच्याखालच्या मेट्युला पेशी साधारण त्यांच्याच लांबीच्या. या पेशींचा झुबका दोन्ही बाजूंनी सारखा, आवळलेला दिसतो.

नुसते बीजाणू दिसतात कारण तुम्ही वसाहतीच्या मध्यातून नमुना घेताय. पांढरी कड संपून रंग सुरू होतो त्या पट्ट्यावर पारदर्शक चिकटपट्टी हलकेच टेकवा. तिच्यावर ७० टक्के अल्कोहोलचा एक थेंब टाका. सुटे बीजाणू आणि हवेचे बुडबुडे निघून जातात. ते वाळायच्या आत लॅक्टोफिनॉल कॉटन ब्ल्यू या निळ्या रंगाच्या थेंबावर पट्टी पालथी ठेवा. सूक्ष्मदर्शकात आधी १०० पट, मग ४०० पट मोठं करून बघा. हे सगळं जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच करा आणि प्लेट हुंगू नका.

धागाकर्ता
आभारी आहे, झुबका आता स्पष्ट दिसला. फायलाइड निमुळत्या आहेत. ऱ्हायझोपसबद्दल एक शंका: तो म्युकर ही तशीच दिसणारी प्रजाती असेल तर कुळच बदलेल ना? चिकटपट्टीने बीजाणुधान्या (बीजाणूंच्या पिशव्या) फुटतात.

प्रतिसाद २
बदलेल, म्युकर म्युकरेसीत. दोघांचे तंतू रुंद, जवळजवळ आडपडद्यांविना, म्हणून तिथे फरक सापडणार नाही. ऱ्हायझोपसमध्ये आडव्या धावणाऱ्या तंतूवर जिथून बीजाणुधानीचे दांडे वर उठतात, बरोबर त्याच्या खाली मुळांसारखे ऱ्हायझॉइड असतात. म्युकरमध्ये ते नसतात. सहा दिवसांची प्लेट याला उपयोगाची नाही, झाकणापर्यंत गच्च भरलेली असते. नवी प्लेट लावून २४ ते ४८ तासांत बघा. आधी बंद प्लेट उलटी करून १०च्या ऑब्जेक्टिव्हने कड तपासा, मग दोन सुयांनी कडेचा लहानसा पुंजका उचलून रंगात अलगद पसरवा. ओढलात तर ऱ्हायझॉइड तुटतात आणि ऱ्हायझोपसचा म्युकर होतो.

प्रतिसाद १
एक भर. जातीपर्यंत जायचं असेल तर ॲस्परजिलस आणि पेनिसिलियममध्ये फक्त आयटीएस (बुरशी ओळखायला वाचतात तो डीएनएचा भाग) क्रम पुरत नाही. बीटा-ट्युब्युलिन किंवा कॅल्मोड्युलिन जनुकही वाचावा लागतो. कुळ आणि प्रजातीसाठी आयटीएस सहसा पुरे.