मदत हवी आहे: आरव्ही घेऊन न्यू जर्सी ते नॉर्थ कॅरोलिना, आम्ही दोघंच

नमस्कार. आम्ही एडिसनला असतो. नवरा ६८, मी ६५, दोघंही निवृत्त. ऑक्टोबरमध्ये पंचवीस फुटी क्लास सी आरव्ही (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन बारा दिवस फिरायचं ठरतंय. आधी गेटिसबर्ग, मग व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ नॅशनल पार्कमधला डोंगरमाथ्यावरचा रस्ता, स्कायलाइन ड्राइव्ह, तिथून नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला लेकीकडे चार दिवस आणि परतताना यॉर्कटाउन. सगळं मिळून साडेअकराशे मैल तरी होतील. गाडी गॅलनला दहा मैल देते असं भाड्याने देणारा म्हणतो, म्हणजे आपण आठच धरायचे.

यॉर्कटाउनचा हट्ट नवऱ्याचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १९ ऑक्टोबर १७८१ला तिथे ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली. तो स्वतः आजारपण सांगून आलाच नाही, हाताखालच्या सेनापतीला पुढे केलं. हाच गडी १७८६त गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९१-९२त टिपूविरुद्धच्या लढाईत त्याच्या बाजूला आपले पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन! "त्या मैदानात उभं राहून परशुरामभाऊंची आठवण मला काढायचीय," हे मी लग्नापासून ऐकतेय. दर वेळी मुलांची शाळा नाहीतर ऑफिस आडवं यायचं. आता काही आडवं येत नाही, म्हणून नेतेच एकदा.

मागच्या महिन्यात दोन दिवसांची रंगीत तालीम केली. पहिल्याच उजव्या वळणावर वरचं कपाट उघडलं आणि मिसळणाचा डबा खाली. हळद थेट सोफ्याच्या शिवणीत. रात्री नवऱ्याने लावलेला एसी चालू असताना मी मायक्रोवेव्ह लावला तर सगळा अंधार. तीस अँपियरला दोन्ही एकदम झेपत नाहीत हे कोणी सांगितलंच नव्हतं. परत करताना अनामतीतले दोनशे डॉलर गेले, ते हळदीचे.

तर शंका अशा. स्कायलाइन ड्राइव्हवर मेरीज रॉक बोगदा आहे, त्याची उंची १२ फूट ८ इंच. आमची गाडी कागदावर ११ फूट ६ इंच. आकडे जुळतात, पण माझ्या छातीत धडधड होते. कुणी आरव्ही नेलीय का त्यातून?

दुसरं जास्त काळजीचं. स्कायलाइन ड्राइव्हवरच्या बिग मेडोज कॅम्पग्राउंडला दोन रात्री मिळाल्यात, पण तिथे विजेची जोडणी नाही आणि रात्री जनरेटर लावायला मनाई. नवऱ्याला झोपेत सीपॅप, म्हणजे श्वास नीट चालू ठेवणारं यंत्र, लागतं. त्याशिवाय तो झोपत नाही आणि मग मीही नाही.

शिवाय लेकीच्या कॉलनीत दारात आरव्ही उभी करायला परवानगी नाही. आम्ही जवळच्या कॅम्पग्राउंडवर राहू म्हटलं तर ती रुसलीय. "माझं घर असताना तुम्ही रानात झोपणार?" नवऱ्याला मात्र रानातच झोपायचंय. काय करावं?

प्रतिसाद १ (चाकावरचं_घर)
ताई, बोगद्यातून आम्ही गेलोय, निघतं. पण कागदावर विश्वास ठेवू नका. एसी वर बसवलेला असतो, तो धरून स्वतः टेपने मोजा आणि आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा. पेट्रोल पंपाच्या छताखालीही तोच उपयोगी पडतो. अगदीच नको असेल तर फ्रंट रॉयलच्या उत्तरेकडच्या प्रवेशाऐवजी दक्षिणेकडच्या स्विफ्ट रन गॅपने चढा, बिग मेडोजपर्यंत बोगदा लागतच नाही. फक्त उत्तरेकडचा रस्ता बघायचा राहील.

सीपॅप बारा व्होल्टवर चालवायची केबल मिळते, त्या मॉडेलचीच मागवा. रात्री पाणी तापवणारा ह्युमिडिफायर बंद ठेवायचा, सगळी बॅटरी तोच खातो. घरी एक रात्र तसं झोपून बघायला सांगा.

आणि ६२ वर्षांपुढच्यांचा ऐंशी डॉलरचा आजन्म सीनियर पास काढलाय ना? नागरिक किंवा ग्रीनकार्डवाल्यांना मिळतो. शेनान्डोआत प्रवेश फुकट, कॅम्पिंगही अर्ध्या भावात.

प्रतिसाद २ (मेरीलँडवासी)
परतीचं कुणी बोललं नाही. यॉर्कटाउनहून आय-९५ने बाल्टिमोरला आलात की फोर्ट मॅकहेन्री किंवा हार्बर बोगद्यात शिरू नका. आरव्हीत प्रोपेनची टाकी असते, ती तिथे चालत नाही. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की नावाच्या पुलावरून जायच्या, तो २६ मार्च २०२४ला जहाज धडकून पडला. आता बाल्टिमोरभोवती फिरणाऱ्या आय-६९५ रस्त्याची पश्चिमेकडची बाजू धरायची. साध्या गाडीचा नकाशा तुम्हाला सरळ बोगद्यात घालेल.

लेकीचं म्हणाल तर कॅरीजवळ जॉर्डन लेकला विजेच्या जोडणीचे कॅम्पग्राउंड आहेत. दोन रात्री तळ्यावर, दोन लेकीकडे. तिलाही एक दिवस तळ्यावर जेवायला बोलवा, राग जातो.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. बाल्टिमोरचं आम्हाला मुळीच ठाऊक नव्हतं. आज गाडीवाल्याच्या आवारात जाऊन आलो. नवरा शिडीवर, टेपचं खालचं टोक माझ्या हातात. एसीसकट ११ फूट ९ इंच भरली. बोगद्यातूनच जायचं ठरलंय. मसाले झाकणं फिरवून घट्ट होणाऱ्या बाटल्यांत भरलेत. आणि लेक सहकुटुंब जॉर्डन लेकला दोन्ही रात्री राहायलाच येणार म्हणतेय, तेव्हा आता सहा माणसांचा पिठलं-भात त्या दोन शेगड्यांवर कसा करायचा ते सांगा.